मुदखेडची कॉपी

“सर, जमलं तर उद्याच या. इथं सर्व्हर रूममधी कुलर बसवायलेत.”

नसरीनचा फोन आला तेव्हा मी लातूरला घरी जेवायला बसलो होतो. मी विचारलं, एसीला काय झालं?

“एसी काढून नेला. भाऊंच्या केबिनमधला बिघडला, म्हणून आपला तिकडं बसवला. आन् आपल्याला कुलर. स्टँडवाला, लोखंडी.”

“तोंड कुठं आहे त्याचं?”

“रॅककडं. माधवमामा म्हणलेत, सर्व्हरला सीधी हवा लागली पाहिजे.”

हातातला घास तसाच राहिला. बायकोनं विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, अजून कोणी नाही, पण जाईल.

मी सर्व्हर सांभाळणारा माणूस आहे. सर्व्हर म्हणजे तो कॉम्प्युटर, ज्याच्याकडे बाकीचे सगळे कॉम्प्युटर आपली माहिती ठेवायला देतात आणि लागेल तेव्हा मागून घेतात. तो बंद पडला की काउंटरवरच्या माणसासमोर नुसता पडदा उरतो. लातूर-नांदेड पट्ट्यातल्या शाळा, पतसंस्था आणि दवाखान्यांचे असे सर्व्हर जगवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. त्यातलं हे नांदेडचं एक ट्रस्टचं हॉस्पिटल. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, अशी बरीच आहेत.

तिथला सर्व्हर लिनक्सवर चालायचा. लिनक्स हे ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याच्या आतला कोड कोणीही उघडून वाचू शकतो, बदलू शकतो, आणि वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. जगातले मोठमोठे सर्व्हर यावरच चालतात. पण आपल्याकडे जे फुकट मिळतं त्याला कोणी विचारत नाही. “ते फुकटवालं सॉफ्टवेअर” हेच त्याचं तिथलं नाव होतं.

हे सॉफ्टवेअर रोज सांभाळायची नसरीन. वडिलांचं नांदेडच्या जुन्या भागात घड्याळदुरुस्तीचं दुकान. बीएस्सी कॉम्प्युटर करून ती हॉस्पिटलात आली ती डेटा एंट्रीला. मी महिन्यातून एकदा यायचो तेव्हा माझ्या मागं उभी राहून बघायची आणि प्रश्न विचारून भंडावून सोडायची. पुढं पुढं माझ्या खेपा कमी झाल्या, कारण माझ्याजोगं काम तिथं उरतच नव्हतं. बाळंतपणाच्या नोंदींचा पूर्ण मराठी भाग तिनं स्वतः लिहिला. कुठल्या बाईला मागच्या वेळी रक्त किती होतं, कोणतं इंजेक्शन चालत नाही, हे खेड्यातून आलेल्या नर्सला एका बटनावर दिसायचं. तोंडाची मात्र फटकळ. डॉक्टरांनाही सांगायची, “पासवर्ड स्टिकरवर लिहून मॉनिटरला चिकटवायचा असंल तर दवाखान्याची किल्ली पण तिथंच लटकवा.”

नोकरी मात्र सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर. जूनच्या मीटिंगमध्ये तिला कायम करायचं असं अध्यक्षांनी कबूल केलं होतं. अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंचा शब्द म्हणजे शब्द, असं त्यांच्या आजूबाजूचे लोक सांगायचे. घरी तिनं हे सांगूनही टाकलं होतं. वडिलांचे डोळे अधू झाले होते आणि घड्याळाचं बारीक काम आता त्यांच्याच्यानं होत नव्हतं.

आता कुलरबद्दल सांगतो. मराठवाड्यात मे महिन्यात कुलर नसेल तर माणूस जगत नाही, हे मला मान्य आहे. मीही कुलरसमोरच झोपतो. टाकीतलं पाणी पंप वर चढवतो, ते गवताच्या जाळ्यांवरून ठिबकतं आणि पंखा त्यातून ओली हवा आत फेकतो. माणसाला बरं वाटतं. पण मशीनला ओल म्हणजे विष. त्यात आमचं बोअरचं पाणी खारं. कुलरच्या जाळ्यांवर जो पांढरा थर धरतो, तोच बारीक तुषारांबरोबर उडतो आणि समोर जे असेल त्यावर जाऊन बसतो. समोर पलंग असेल तर चादर झटकता येते. समोर सर्व्हर होता.

दुसऱ्या दिवशी मी नांदेड गाठलं आणि थेट मॅनेजर बिरादार साहेबांकडे गेलो. माणूस गोड बोलणारा, कुठल्याही कागदावर सही करायला मात्र कायम नाखूश.

“साहेब, सर्व्हर रूमला एसी परत पाहिजे.”

“सूर्यवंशी सर, पेशंट उकाड्यानं हैराण झालेत आन् तुमच्या मशीनला एसी?”

“मग एसी पेशंटच्या वॉर्डात लावला का?”

बिरादारांनी चष्मा काढून पुसला. “भाऊंकडं मोठी मोठी माणसं येतेत सर. बरं दिसत नाही. पावसाळा लागला की बघू.”

“पावसाळ्यापर्यंत सर्व्हर राहायला पाहिजे ना.”

“कुलर नवा कोरा हाय सर. माझ्या घरी पण तसलाच हाय.”

पालथ्या घड्यावर पाणी. मी सर्व्हर रूममध्ये गेलो. नसरीननं कुलरचं तोंड दाराकडं फिरवलं होतं आणि पंपाची पिन काढून ठेवली होती, म्हणजे नुसता पंखा चालावा. पण रोज सकाळी शिपाई माधवमामा इमानेइतबारे यायचे, टाकी भरायचे, पंप लावायचे आणि तोंड पुन्हा रॅककडं करायचे. ती भांडली की म्हणायचे, “बाई, साहेबांची ऑर्डर हाय. मशीन तापलं तर माझ्या नावानं बोंब व्हईल.” त्या माणसाचं काही चुकत नव्हतं. त्यांना सांगितलं होतं ते ते करत होते.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या आणि दोन्हींवर एकच माहिती एका वेळी लिहिली जायची. याला मिररिंग म्हणतात. एक मेली तरी दुसरी चालू राहते. शिवाय रोजची एक कॉपी बाजूच्या दुसऱ्या मशीनवर जायची, तो बॅकअप. पण ते मशीनही त्याच रॅकमध्ये, म्हणजे त्याच लोखंडी मांडणीत, खालच्या फळीवर. दोन डिस्क काय आणि दोन मशीन काय, सगळ्यांना एकच कुलर.

ट्रस्टचा एक छोटा दवाखाना मुदखेडला आहे. तिथं एक जुना कॉम्प्युटर पडून होता. नसरीन म्हणाली, “सर, रोजची कॉपी तिकडं पाठवू. लॉक करून पाठवली तर कोणाला उघडता पण येणार न्हाई.” बरोबर होतं. आम्ही दोघं बिरादारांकडे गेलो. ते फोनवर होते. हातानंच त्यांनी काय म्हणून विचारलं. नसरीननं सांगितलं. फोनवर हात ठेवून ते म्हणाले, “काय करायचं ते करा, पण माझं डोकं नका खाऊ.”

आमच्याकडे याला परवानगी म्हणतात. त्या हॉस्पिटलात एसी हलला तो तोंडी, कुलर आला तो तोंडी, नसरीनला कायम करायचं ठरलं तेही तोंडीच. लेखी मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं. कोण दाखवणार? मुदखेडची कॉपी चालू झाली.

सर्व्हर गेला तो पावसाळ्याच्या तोंडावर, सोमवारी, ओपीडीची गर्दी असताना. मी योगायोगानं नांदेडलाच दुसऱ्या कामाला होतो. फोनवर नसरीन एवढंच म्हणाली, “सर, गेला.”

मी पोचलो तेव्हा काउंटरपुढं माणसांचा नुसता कालवा चालला होता. आत आम्ही सर्व्हरचं झाकण उघडलं. आतल्या बोर्डावर पिठासारखी पांढरी भुकटी बसली होती. डिस्क जिथं जोडतात तिथल्या सोनेरी पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या, तांब्याचं भांडं हिरवं पडतं तशा. दोन्ही डिस्क बोलेनात. खालचं मशीनही चालू होईना. नसरीननं बोट फिरवून भुकटी बघितली आणि कुलरच्या जाळीवर तेच बोट फिरवून मला दाखवलं.

मग आम्ही जीप करून मुदखेडला गेलो. परत येताना तो जुना कॉम्प्युटर तिनं मांडीवर घेतला होता. रस्ता खराब आणि ड्रायव्हरला घाई. ती त्याला सारखी ओरडत होती, “भैया, धीरे! अंदर लोगां की जिंदगी है.” हॉस्पिटलात आल्यावर एका साध्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, मुदखेडची कॉपी त्यावर उतरवली. संध्याकाळच्या ओपीडीला काउंटर चालू झाले. त्या सकाळच्या नोंदी सोडल्या तर एकाही पेशंटची एकही नोंद गेली नाही. बाळंतपणाच्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या, नसरीनच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “वाचवलंस गं.”

खरं सांगतो, या धंद्यात शाबासकी मिळत नाही. सर्व्हर चालू असतो तेव्हा आम्ही कोणाला दिसत नाही आणि बंद पडला की आमच्याशिवाय कोणी दिसत नाही. म्हणून त्या दिवशी मला फार बरं वाटलं. बसस्टँडवर चहा पिताना मी मनातल्या मनात नसरीनची कायमची ऑर्डर टाइप करून टाकली होती.

चौकशीची मीटिंग भाऊंच्या केबिनमध्ये झाली. आत गेल्या गेल्या गारवा लागला. आमचाच एसी. त्याच्या पांढऱ्या अंगावर नसरीनच्या अक्षरातला स्टिकर अजून तसाच होता: “सर्व्हर रूम. बंद करू नये.” तो काढायचं कोणाला सुचलं नव्हतं.

मीटिंगच्या आधी बिरादारांनी मला व्हरांड्यात गाठलं होतं.

“सर, तुमचा रिपोर्ट वाचला. छान हाय. फक्त त्यातला कुलर काढा. तांत्रिक बिघाड म्हणून लिवा.”

“कुलर काढायला मी मे महिन्यातच सांगितलं होतं.”

“मजाक नका करू सर. लेकराबाळाचा माणूस आहे मी.”

मी कुलर काढला नाही. मोठ्या अक्षरात तसाच ठेवला. पण मीटिंगमध्ये रिपोर्ट कोणी उघडलाच नाही. तो भाऊंच्या टेबलावर चहाच्या कपाखाली होता.

एका ट्रस्टींच्या ओळखीच्या पुण्याच्या कंपनीचा माणूस मीटिंगला आला होता. टाय, टॅब आणि तोंडभर इंग्रजी. आधी त्यानं फुकटचं सॉफ्टवेअर म्हणजे किती धोका, हे सगळ्यांना समजावून सांगितलं. मी म्हटलं, “सॉफ्टवेअर नाही गेलं, डिस्क गंजल्या. तुमचं महागातलं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर असतं तर तेही गेलं असतं.” तो हसला आणि नसरीनकडे वळला.

“मॅडम, डेटा परत आला तो कुठून?”

“मुदखेडच्या दवाखान्यातून. रोजची कॉपी जात होती.”

“म्हणजे पेशंटचा डेटा तुम्ही बाहेर पाठवत होता? कोणाच्या परवानगीनं?”

नसरीननं बिरादारांकडे बघितलं.

“साहेब, तुम्हीच म्हणले होते ना, काय करायचं ते करा म्हणून?”

बिरादार टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, “मला काही आठवत नाही. लेखी आहे का तुमच्याकडं?”

“साहेब, मी समोर होतो,” मी म्हणालो.

“तुम्ही बाहेरचे सर. हा आमच्या घरातला विषय हाय.”

“अन् मुदखेडचा दवाखाना आपलाच हाय की भाऊ,” नसरीन म्हणाली. “कॉपीला लॉक हाय. आन् मी कॉपी पाठवली नसती, तर आज तुमच्याकडं काय होतं?”

आतापर्यंत भाऊ काही बोलले नव्हते. आता अगदी मऊ आवाजात म्हणाले, “तसं नाही बेटा. पण कोणाच्या हातात काय पडतं, आजकाल काही सांगता येत नाही.”

त्या ‘आजकाल’चा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला कळला. नसरीनला सगळ्यांच्या आधी कळला. इतका वेळ ताठ बसलेली मुलगी खाली बघायला लागली. मला त्या माणसाचा इतका राग आला की पुढं काय बोललो ते नीट आठवत नाही. कुलर, एसी, स्टिकर, सगळं बोललो असेन. भाऊंनी ऐकून घेतलं आणि चहा मागवला.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शाळेत वहीत लिहिली होती. समोर घडताना तेव्हा पाहिली.

नवा सर्व्हर आला, पुण्याच्या त्याच कंपनीचा. त्याच्यासाठी नवा एसीही आला. कारण पुण्याच्या तज्ज्ञांनी सांगितलं की सर्व्हरला एसी लागतोच. माहिती नव्या सर्व्हरवर उतरवून झाल्यावर बिरादारांनी आम्हाला बोलावलं. मुदखेडची कॉपी आणि त्या साध्या कॉम्प्युटरवरची माहिती पुसायची, तीही नसरीननंच, आणि त्याचा व्हिडिओ काढायचा, असा भाऊंचा हुकूम होता. तोंडीच.

मी कंपनीच्या माणसाला विचारलं, “तुमचा बॅकअप कुठं जातो?”

“क्लाउडवर, सर. सगळं क्लाउडवर.” क्लाउड म्हणजे लांब कुठंतरी असलेले दुसऱ्याचे कॉम्प्युटर.

“त्यावरून एक नोंद परत आणून दाखवता? परत आणून बघितला नाही तोवर बॅकअपला आम्ही बॅकअप म्हणत नाही.”

“डोन्ट वरी, सर.”

मी बिरादारांना म्हणालो, निदान महिनाभर ही कॉपी राहू द्या. ते म्हणाले, भाऊंना काय सांगू? आणि मोबाईल समोर धरला.

नसरीननं कमांड टाइप केली. एंटर दाबायच्या आधी थांबली आणि मान वळवून विचारलं, “साहेब, नक्की पुसू? सगळं जाईल. परत येणार न्हाई.”

“हाव, पुसा.”

“तुमचा आवाज आला का विडिओत?”

बिरादार गडबडले. “आला.”

तिनं एंटर दाबलं. मग कीबोर्ड पुसला, खुर्ची आत सरकवली आणि बाहेर गेली. बाहेर व्हरांड्यात माधवमामा तिला म्हणाले, “बाई, माझं काई चुकलं का?” ती म्हणाली, “न्हाई मामा.” आणि तिथंच भिंतीला टेकून रडली.

तिची पुढची ऑर्डर निघाली नाही. काढलं असं कोणी म्हणालं नाही, नुसती ऑर्डर निघाली नाही. माझंही काम त्यांनी थांबवलं, ते मी थांबवणारच होतो. मी तिच्यासाठी चार ठिकाणी शब्द टाकला. सगळीकडून नांदेडला एक फोन जायचा आणि मग माझा फोन कोणी उचलायचं नाही. एकानं स्पष्टच सांगितलं, “सर, पोरगी हुशार असंल, पण डेटा चोरल्याचं ऐकलंय.” शेवटी औशाजवळच्या एका वेअरहाऊसमध्ये वजनकाट्यावर तिला काम मिळालं. सोयाबीनची गाडी काट्यावर येते, ती पावती काढते. गाडी जाते, दुसरी येते. आख्ख्या हॉस्पिटलचा सर्व्हर एकटीनं चालवणारी मुलगी दिवसभर एकच बटन दाबते. याबद्दल वाईट वाटून घ्यायलाही आता तिला वेळ नसतो, असं ती म्हणते. मला मात्र भरपूर असतो.

पुढच्या उन्हाळ्यात बिरादारांचा फोन आला.

“नमस्कार सर, विसरले काय आम्हाला?”

“नाही हो. बोला.”

“सर्व्हर बंद पडलाय सर. कंपनीचा इंजिनियर येऊन गेला. म्हणतो आतमधी काहीतरी पांढरं पांढरं बसलंय.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“सर?”

“एसी कुठं आहे बिरादार साहेब?”

“ते… भाऊंनी वरच्या मजल्यावर नवीन मीटिंग हॉल केलाय ना सर. तात्पुरता नेला होता.”

“आणि क्लाउड?”

“ते पॅकेजमधी नव्हतं म्हणून सांगायलेत आता.” त्यांचा आवाज खाली आला. “सर, बाळंतपणाच्या बायका येऊन बसल्यात. जुनं काहीच दिसत नाही. ते मुदखेडचं…”

“ते पुसलं. तुम्हीच व्हिडिओ काढलाय.”

“ते माहीत हाय सर. पण मी काय म्हणतो, नसरीनकडं एखादी कॉपी असंलच की घरी. हुशार लेकरू ते. तुम्ही विचारून बघा ना. आम्ही काही म्हणणार नाही.”

ज्या चोरीच्या संशयावर त्यांनी मुलीला घरी बसवलं होतं, ती चोरी तिनं खरंच केलेली असावी, अशी आता बिरादार माझ्याकडे विनवणी करत होते.

व्हरांड्यात बसलेल्या बायकांचा विचार करून मी तिला फोन केला. मागं काट्यावर गाडी चढल्याचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं.

“न्हाई सर,” ती म्हणाली. “एक फाईल पण न्हाई माझ्याकडं. असती तर त्या बायकांसाठी आत्ता घेऊन निघाले असते. आन् मग पुन्हा चोर ठरले असते.” मग गाडीवाल्याला पावती दिल्याचं ऐकू आलं. “विडिओ हाय की त्यांच्याकडं. तो बघा म्हणावं.”

हॉस्पिटलनं काउंटरवर पाटी लावली, ‘जुने कागद सोबत आणावेत’. खेड्यातल्या बाईकडे कुठले आलेत जुने कागद, ते नसतात म्हणून तर नसरीननं ते सगळं लिहिलं होतं. बिरादार अजून मॅनेजर आहेत. भाऊ अजून भाऊ आहेत.

बॅकअप दुसऱ्या गावी ठेवावा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तो कोणीही शिकवेल. मी त्याच्या आधी एक धडा जोडला आहे. नवं काम घेताना मी सर्व्हर नंतर बघतो. आधी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसतो, पाणी मागतो आणि भिंतीवरच्या एसीवर एखादा जुना स्टिकर चिकटलेला आहे का ते बघतो.